नाव झाकून चाखलेली व्हिस्की

१/
ग्लासगो शहरातील ‘द पॉट स्टिल’ हा पब व्हिस्कीच्या दर्दी मंडळींचा जुना अड्डा आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तेथील गिऱ्हाइकांपुढे एक व्हिस्की ठेवण्यात आली. बाटली दाखवली नव्हती, नाव सांगितले नव्हते. चाखणाऱ्यांना ती स्पेसाईडची, म्हणजे स्कॉटलंडमधील सर्वांत नामांकित व्हिस्की-प्रदेशाची वाटली. प्रत्यक्षात ती बंगळूरहून आली होती. तिचे नाव अमृत.

२/
मित्रमंडळींनी एकत्र बसायचे, दोन-चार व्हिस्की समोर ठेवायच्या आणि कोणती सरस यावर वाद घालायचा, ही हौस वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु ‘चांगली व्हिस्की कोणती’ आणि त्याही आधी ‘व्हिस्की म्हणायचे कशाला’, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, यावर दीडशे वर्षे भांडण झाले आहे. त्यात व्यापारी होते, दंडाधिकारी होते, शाही आयोग होता. या सर्वांच्या तुलनेत नाव झाकून चाखणाऱ्या चार मित्रांचे टेबल फारच लहान. तरी त्या टेबलाने मोठमोठ्या लेबलांना अडचणीत आणले आहे. हा धागा त्याचा इतिहास सांगतो.

३/
आधी थोडी परिभाषा. बार्ली भिजवून तिला मोड आणायचे, ती वाळवायची, दळायची, गरम पाण्यात तिची साखर उतरवायची, यीस्ट घालून आंबवायची आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करायचे. हे भांडे म्हणजे पॉट स्टिल. निघालेला अर्क ओक लाकडाच्या पिंपात मुरला की माल्ट व्हिस्की तयार होते. एकाच डिस्टिलरीतील माल्ट म्हणजे सिंगल माल्ट. स्कॉटलंडमधील सर्वांत जुनी लेखी नोंद १४९४ सालची आहे: राजाच्या हिशेबवहीत जॉन कॉर नावाच्या मठवासी साधूला ‘जीवनजल’ तयार करण्यासाठी माल्ट दिल्याचे त्यात नमूद आहे.

४/
पुढली तीनशेहून अधिक वर्षे हे मूळ तंत्र फारसे बदलले नाही. ते बदलले १८३० मध्ये. आयर्लंडच्या अबकारी खात्यातील निवृत्त वरिष्ठ अधिकारी ईनियस कॉफी यांनी उंच स्तंभासारख्या यंत्राचे पेटंट घेतले. पॉट स्टिल दर खेपेला भरावे, रिकामे करावे, धुवावे लागे. कॉफीचे यंत्र अखंड चाले. त्यात मका, गहू असे स्वस्त धान्य चाले आणि अर्क कमी खर्चात, अधिक तीव्र निघे. मात्र ज्या तेलकट, गंधयुक्त घटकांमुळे व्हिस्कीला चव येते, त्यांतले बरेचसे या यंत्रात वेगळे निघून जात. या सौम्य अर्काला ग्रेन व्हिस्की हे नाव मिळाले.

५/
गंमत अशी की आयर्लंडच्या बड्या उत्पादकांनी आयर्लंडमध्येच जन्मलेले हे यंत्र नाकारले. डब्लिनच्या चार प्रमुख घराण्यांनी, म्हणजे जॉन जेमसन, विल्यम जेमसन, जॉन पॉवर आणि जॉर्ज रो यांनी, १८७८ मध्ये ‘ट्रूथ्स अबाउट व्हिस्की’ हे पुस्तक छापले. स्तंभातून निघालेला अर्क व्हिस्कीच नव्हे आणि तो मिसळून विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, असा त्यांचा दावा होता. तो चवीचा होता तसाच धंद्याचाही होता. व्हिस्की म्हणजे काय, हा प्रश्न येथून सार्वजनिक झाला.

६/
स्कॉटलंडने नेमका उलटा मार्ग धरला. एडिंबराचे व्यापारी अँड्र्यू अशर यांनी १८५३ च्या सुमारास वेगवेगळ्या मुरवणीच्या माल्ट एकत्र करून विकायला सुरुवात केली. १८६० च्या कायद्याने शुल्क भरण्यापूर्वीच, गोदामात, माल्ट आणि ग्रेन मिसळण्याची मुभा मिळाली. ब्लेंडेड स्कॉचचा पाया हाच. त्याच दशकात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फिलॉक्सेरा ही कीड पसरू लागली आणि पुढे ब्रँडीचा पुरवठा आटला. लंडनच्या क्लबांतील ब्रँडी-सोड्याची जागा स्कॉच-सोड्याने घेतली. वर्षानुवर्षे एकसारखी चव देणारी, नावाने ओळखली जाणारी बाटली हे ब्लेंडरांचे खरे यश होते.

७/
या वाढत्या उद्योगाची पहिली मोठी पाहणी आल्फ्रेड बर्नार्ड या लेखकाने केली. १८८५ ते १८८७ या काळात त्याने स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडमधील १६० हून अधिक डिस्टिलऱ्या प्रत्यक्ष पाहिल्या आणि १८८७ मध्ये त्यांवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. भांड्यांचे आकार, पाण्याचे झरे, गोदामे, वार्षिक उत्पादन यांची त्याने बारकाईने नोंद ठेवली. मात्र त्यातील व्हिस्की लागते कशी, याविषयी या ग्रंथात फारच थोडे सापडते. चव ही लिहून ठेवण्याची, तुलना करण्याची गोष्ट आहे, ही कल्पना अद्याप रुजायची होती.

८/
चवीला शब्द नसले की लेबलाला रान मोकळे मिळते. एडिंबराला लागून असलेल्या लीथ बंदरातील रॉबर्ट आणि वॉल्टर पॅटिसन या भावांनी ते ओळखले होते. त्यांची जाहिरातबाजी इतकी अफाट होती की, पबवाल्यांना त्यांनी शेकडो शिकवलेले पोपट वाटले आणि ते पोपट पॅटिसन व्हिस्कीचे नाव घेत, अशी कथा आजही सांगितली जाते. १८९८ च्या डिसेंबरमध्ये पेढी कोसळली. खटल्यात उघड झाले की स्वस्त ग्रेन व्हिस्कीत थोडीशी माल्ट घालून ती ‘ग्लेनलिव्हेट’च्या नावाने विकली जात होती. १९०१ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. त्यांच्या मागोमाग अनेक लहान व्यापारी बुडाले.

९/
त्या बनावट ग्लेनलिव्हेटचे पेले रिचवणाऱ्या गिऱ्हाइकांचे काय? व्हिस्की पिणारे हजारो, पण लेबल खोटे असल्याचे सिद्ध झाले ते हिशेबाच्या वह्यांवरून, जिभेवरून नव्हे. यात गिऱ्हाइकांचा मूर्खपणा नव्हता. तुलना करायला दुसरा पेला समोर नव्हता, चवीची समान भाषा नव्हती, आणि बाटलीवरचे नाव खोटे असू शकते अशी शंका घेण्याची रीतही नव्हती. पॅटिसन प्रकरण लोभाची कथा म्हणून सांगितले जाते. ते तुलनेच्या अभावाचीही कथा आहे.

१०/
पुढला घाव कायद्याने घातला. १९०५ च्या अखेरीस लंडनमधील इझलिंग्टन नगर परिषदेने अन्नभेसळविरोधी कायद्याखाली काही मद्यविक्रेत्यांवर खटले भरले. आरोप असा: गिऱ्हाइकाने व्हिस्की मागितली, मिळाला तो मुख्यतः स्तंभातील अर्क. फेब्रुवारी १९०६ मध्ये दंडाधिकारी फोर्डहॅम यांनी विक्रेत्यांविरुद्ध निकाल दिला. अपिलात न्यायपीठाची मते समसमान विभागली गेली आणि प्रश्न लोंबकळत राहिला. ग्रेन व्हिस्कीच्या उत्पादकांचे सारे भवितव्य त्यात अडकले होते. त्यांच्या एका जाहिरातीत तर ग्रेन व्हिस्कीने डोके दुखत नाही, अशी ग्वाही देण्यात आली.

११/
अखेर १९०८ मध्ये शाही आयोग नेमला गेला. हेरफर्डचे लॉर्ड जेम्स त्याचे अध्यक्ष होते. शंभराहून अधिक साक्षीदार तपासून १९०९ मध्ये आयोगाने अहवाल दिला. निष्कर्ष असा की धान्याच्या मिश्रणातील पिष्टाची साखर माल्टच्या साहाय्याने करून जो अर्क गाळला जातो, तो व्हिस्की होय. तो भांड्यातून निघो वा स्तंभातून. ग्रेन व्हिस्की जिंकली, ब्लेंड जिंकले. पिंपात किमान किती काळ मुरवावे, याचे बंधनही आयोगाने घातले नाही. ते आले पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या कायद्याने. पुढील वर्षी ही मुदत तीन वर्षांवर गेली. त्यामागे चवीपेक्षा युद्धकाळातील मद्यपानाला आळा घालण्याचा हेतू अधिक होता. आज दर्जाची खूण मानली जाणारी ही तीन वर्षे अशा आडवाटेने आली.

१२/
या निकालाचा परिणाम दूरगामी होता. पुढली पाच दशके जगासाठी स्कॉच म्हणजे ब्लेंड. माल्ट डिस्टिलऱ्या चालू होत्या, पण त्यांचा बहुतेक माल ब्लेंडरांकडे जाई आणि त्यांची नावे बाटलीवर क्वचितच येत. १९३० मध्ये जॉर्ज माल्कम थॉमसन या पत्रकाराने ‘ईनियस मॅकडॉनल्ड’ या टोपणनावाने ‘व्हिस्की’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले आणि वाइनप्रमाणे व्हिस्कीही लक्षपूर्वक चाखावी, डिस्टिलरीगणिक तिचे वेगळेपण ओळखावे, असा आग्रह धरला. काळाच्या मानाने ते फार लवकर आले. १९६३ मध्ये ग्लेनफिडिकने आपली सिंगल माल्ट स्कॉटलंडबाहेर नेटाने विकायला सुरुवात केली, तेव्हा उद्योगातील अनेकांना तो वेडेपणा वाटला.

१३/
येथे कथेत खरोखरच एक मित्रमंडळ प्रवेश करते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एडिंबराचे पिप हिल्स यांनी स्पेसाईडमधील ग्लेनफार्क्लास डिस्टिलरीतून एक छोटे पिंप विकत घेतले. खर्च मित्रांनी वाटून घेतला आणि पिंपातली व्हिस्कीही वाटून घेतली. दुकानातील व्हिस्की साधारण ४० टक्क्यांपर्यंत पातळ केलेली आणि थंड करून गाळलेली असे. या पिंपातली व्हिस्की जशी मुरली तशीच, पाणी न घालता पेल्यात येत होती. चव इतकी निराळी होती की मित्रांचे मित्र विचारू लागले. दुसरे पिंप आले, मग तिसरे.

१४/
१९८३ मध्ये या मंडळाची रीतसर संस्था झाली: स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी. तिने लीथमधील ‘द व्हॉल्ट्स’ ही जुनी दगडी इमारत आपले घर केले. ज्या बंदरात पॅटिसन बंधूंनी लेबलाच्या जोरावर साम्राज्य उभारले होते, त्याच बंदरात या संस्थेने लेबलावरचे नावच काढून टाकले. तिच्या बाटलीवर डिस्टिलरीचे नाव नसते, आकडा असतो. पहिला आकडा डिस्टिलरीचा, दुसरा पिंपाचा. १.१ म्हणजे पहिल्या डिस्टिलरीचे पहिले पिंप; ती डिस्टिलरी अर्थातच ग्लेनफार्क्लास. पिंप स्वीकारायचे की नाकारायचे, हे चाखणाऱ्यांचे मंडळ ठरवी आणि चवीचे वर्णन बाटलीसोबत छापले जाई.

१५/
आकड्यांमागे व्यावहारिक कारणही होते. डिस्टिलऱ्यांना आपले नाव दुसऱ्याच्या बाटलीवर नको असे, कारण एकेका पिंपाची चव त्यांच्या नेहमीच्या चवीपेक्षा वेगळी असू शकते. परंतु या अडचणीतून एक शिस्त जन्मली. नाव नाही म्हटल्यावर सभासदांना एकच प्रश्न उरला: हिला चव कशी आहे? शेजाऱ्याला धुराचा वास येतो, आपल्याला आयोडिनचा. तिसरा म्हणतो, जुन्या पुस्तकांच्या कपाटाचा. मतभेद होऊ लागले आणि ते मिटवण्यासाठी पेला पुन्हा नाकाशी न्यावा लागला.

१६/
या मतभेदांना शास्त्राची भाषाही त्याच सुमारास मिळत होती. १९७९ मध्ये पेंटलँड्स स्कॉच व्हिस्की रिसर्च या संस्थेतील संशोधकांनी, त्यांत जिम स्वॉन आणि शीला बर्टल्स हे प्रमुख, व्हिस्कीच्या गंधांचे एक चक्र तयार केले. धान्याचे, फळांचे, फुलांचे, धुराचे, लाकडाचे असे गट त्यात मांडले होते. पीटच्या धुरावर बार्ली वाळवली की फिनॉल येतात आणि औषधी, धुरकट वास येतो. आंबवताना तयार होणाऱ्या एस्टरमुळे सफरचंद, केळे, नासपती यांचा भास होतो. ओकमधून व्हॅनिलाचा गोडवा उतरतो. ‘छान आहे’ या एका शब्दाच्या जागी आता पन्नास शब्द होते.

१७/
व्यावसायिक ब्लेंडर बहुतेक निवाडा नाकानेच करतात. अर्क पाणी घालून साधारण २० टक्क्यांवर आणतात, म्हणजे अल्कोहोलचा झणका कमी होऊन गंध मोकळे होतात. पेला खाली रुंद आणि तोंडाशी निमुळता असतो. हौशी मंडळींनी हीच रीत उचलली: दोन पेले शेजारी, आधी रंग, मग गंध, मग छोटा घोट, मग थोडे पाणी आणि पुन्हा घोट. सौम्य व्हिस्की आधी, धुरकट नंतर. कारण पीटचा धूर एकदा जिभेवर बसला की पुढले नाजूक गंध हरवतात. यात पिणे थोडे आणि बोलणे फार असते.

१८/
मात्र झाकलेले नाव हे सत्याचे हमीपत्र नव्हे. २००१ मध्ये फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन लाल रंग घातलेली पांढरी वाइन देण्यात आली. तिचे वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्याने नाकाला फसवले होते. व्हिस्कीच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल मिसळण्यास कायद्याने मुभा आहे. गडद रंग म्हणजे जुनी, मुरलेली व्हिस्की, ही समजूत म्हणूनच कच्ची ठरते. नाव झाकले तरी रंग, किंमत, वयाचा आकडा आणि टेबलावरील सर्वांत ठाम माणूस या चार गोष्टी शिल्लक राहतातच.

१९/
त्यात पाचवी भर पडली गुणांची. ब्रिटिश लेखक मायकल जॅक्सन (गायक नव्हे, त्याचा नामबंधू) यांचा ‘माल्ट व्हिस्की कम्पॅनियन’ १९८९ मध्ये आला. त्यात प्रत्येक माल्टला शंभरपैकी गुण होते. या ग्रंथाने जगभर नवे रसिक घडवले, हे निर्विवाद. परंतु जे लेबल पुसण्यात एका पिढीने आनंद मानला, त्याच्या जागी गुणांचे नवे लेबल चिकटले. पुढे ८५ की ९२, यावर बाटलीची किंमत ठरू लागली.

२०/
आता भारताकडे वळू. आकारमानाने भारत हा जगातील सर्वांत मोठा व्हिस्की-बाजार मानला जातो. परंतु येथील बरीचशी ‘व्हिस्की’ उसाच्या मळीपासून काढलेल्या अर्कावर आधारित असते, कधी त्यात थोडी माल्ट मिसळलेली. युरोपीय व्याख्येप्रमाणे व्हिस्की धान्याचीच हवी आणि लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली हवी. त्यामुळे मळीची व्हिस्की तेथे त्या नावाने विकता येत नाही. १९०५ मध्ये इझलिंग्टनने जो प्रश्न ग्रेन व्हिस्कीला विचारला, तोच येथे मळीला विचारला गेला. दुसरीकडे परदेशी बाटलीवर दीर्घकाळ १५० टक्के आयात शुल्क होते. परिणामी भारतीय दिवाणखान्यात स्कॉचची बाटली चवीपेक्षा प्रतिष्ठेची वस्तू बनली. रिकामी झाली तरी ती कपाटात उभी राही.

२१/
या पार्श्वभूमीवर अमृतची गोष्ट पाहावी. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये बंगळूरला ही कंपनी स्थापन केली. हे आडनाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. कंपनीने पुढे बार्लीपासून माल्ट व्हिस्की गाळायला सुरुवात केली, ती आपल्या ब्लेंडसाठी. ही माल्ट एकटीच बाटलीत भरावी, हा विचार नंतरचा. नीलकंठराव जगदाळे यांचे पुत्र रक्षित तेव्हा इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे व्यवस्थापनाचे शिक्षण घेत होते. ब्रिटनमध्ये भारतीय सिंगल माल्ट खपेल का, याचा त्यांनी अभ्यास केला. पॉट स्टिलमधील ती चाचणी याच काळातली.

२२/
२४ ऑगस्ट २००४ रोजी अमृत सिंगल माल्टचे ग्लासगोत अनावरण झाले, आणि तेही ‘कॅफे इंडिया’ या भारतीय रेस्टॉरंटमध्ये. स्कॉचच्या माहेरघरी जाऊन परीक्षा देण्याचे हे धाडस होते. परंतु पबमध्ये नाव झाकून मिळालेली दाद दुकानात नाव उघडे ठेवून मिळेना. भारतीय व्हिस्की म्हटले की गिऱ्हाईक पेला उचलण्यापूर्वीच मत बनवी. सुरुवातीची काही वर्षे विक्री रखडली. चव तीच होती. बदलले होते ते एवढेच की आता बाटलीवर ‘भारत’ हा शब्द दिसत होता.

२३/
अडचण आणखी एक होती: वय. स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के व्हिस्की उडून जाते. तिला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवरील बंगळूरच्या उष्ण, कोरड्या हवेत हे प्रमाण दहा-बारा टक्क्यांच्या घरात जाते. पाच वर्षांत पिंपात जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक व्हिस्की उरते. मात्र उष्णतेमुळे लाकडाशी तिचा संयोगही वेगाने होतो आणि चार-पाच वर्षांतच ती भरून येते. ‘१२ वर्षे’, ‘१८ वर्षे’ हे आकडे स्कॉटलंडच्या हवामानाचे माप आहेत. ते माप बंगळूरला लावले की तेथील व्हिस्की कायम पोरकट ठरते. लेबल झाकल्यावर मात्र तो आकडाही झाकला जातो.

२४/
पारडे हळूहळू फिरले. २००९ मध्ये ‘अमृत फ्यूजन’ बाजारात आली. तीत भारतीय बार्लीसोबत पीटच्या धुरावर वाळवलेली स्कॉटिश बार्ली वापरली होती. समीक्षक जिम मरी यांनी आपल्या २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये तिला जगातील तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवले. त्याच वर्षी, २०१० मध्ये, अमृत सिंगल माल्ट भारतात विक्रीस आली. ग्लासगोत २००४, स्वतःच्या शहरात २०१०: घरच्या पेल्याला परदेशी मान्यता मिळेपर्यंत सहा वर्षे गेली. २०१२ मध्ये गोव्यात गाळलेली ‘पॉल जॉन’ सिंगल माल्टदेखील आधी ब्रिटनच्याच बाजारात उतरली.

२५/
हे केवळ भारताचे प्रकरण नव्हते. जपानच्या मासाताका ताकेत्सुरू यांनी १९१८ नंतर स्कॉटलंडमध्ये राहून ही विद्या शिकली आणि १९३४ मध्ये योइची येथे स्वतःची डिस्टिलरी काढली. त्या योइचीची दहा वर्षांची व्हिस्की २००१ मध्ये ‘व्हिस्की मॅगझिन’च्या नाव झाकलेल्या चाचणीत अव्वल ठरली. जानेवारी २०१० मध्ये रॉबर्ट बर्न्स या कवीच्या जयंतीनिमित्त झालेल्या चाचणीत तैवानच्या ‘कवालान’ने स्कॉचला मागे टाकले. तिचे सल्लागार होते गंधचक्र बनवणारे तेच जिम स्वॉन, आणि चाचणीचे ठिकाण पुन्हा लीथ. बातम्यांनी तो स्कॉचचा पराभव म्हणून रंगवला. समोरच्या स्कॉच या नामांकित सिंगल माल्ट नव्हत्या, हा तपशील बहुतेकांनी गाळला. झाकलेल्या नावाच्या चाचणीतही समोर कोण बसवले होते, हे विचारावे लागते.

२६/
या सगळ्या प्रवासाकडे मागे वळून पाहिले की एक क्रम दिसतो. पॅटिसन बंधूंच्या काळात नाव हेच चव होते. १९०९ च्या आयोगाने नावाला व्याख्या दिली, पण चवीबद्दल मौन पाळले. पिप हिल्स यांच्या मित्रांनी नाव पुसले आणि चवीला वाव दिला. समीक्षकांनी चवीला गुण दिले आणि ते गुणच पुन्हा नाव बनले. प्रत्येक वेळी एखादी अधिकृत खूण, मग ती प्रदेशाची असो, वयाची वा गुणांची, माणसाच्या जिभेची जागा घेऊ पाहते. आणि दरवेळी कोणीतरी बाटलीवर कागद गुंडाळून पेला पुढे सरकवतो.

२७/
पॉट स्टिलमधील त्या गिऱ्हाइकांची चूक झाली असे म्हणणे सोपे आहे. बंगळूरची व्हिस्की त्यांनी स्पेसाईडची मानली. परंतु त्यांनी जे चाखले त्याविषयी ते प्रामाणिक होते: ही चांगली आहे, आणि आपल्याला ठाऊक असलेल्या चांगल्यांच्या पंक्तीत बसते. त्यांचा भूगोल चुकला, जीभ चुकली नाही. नंतर बाटली पाहून ज्यांनी पेला उचललाच नाही, त्यांचा भूगोल अचूक होता आणि चव मात्र त्यांना कधीच कळली नाही.